लाकडातून उमटणाऱ्या मुली

ऑड्री कावासाकी या अमेरिकेतल्या चित्रकार. कॅनव्हासपेक्षा त्यांना लाकडाची फळी प्रिय. फळीवर आधी पेन्सिलीने रेखाटन, मग तैलरंगाचे पातळ थर. इतके पातळ, की लाकडाच्या रेषा मुलीच्या गालावरून, कपाळावरून तशाच वाहताना दिसतात. मागच्या बाजूला तर पुष्कळदा रंग नसतोच, लाकडाचा उबदार पिवळेपणाच राहतो. डोळे अर्धवट मिटलेले, केस पाण्यात पसरल्यासारखे. मुलगी जागी आहे की ख्वाबात, हे आपण ठरवायचे.

लाकडावर चित्र काढणे तसे जुनेच. मोनालिसाही कापडावर नाही, पॉप्लर झाडाच्या फळीवर आहे.

ऑड्री यांचा जन्म 1982 चा, लॉस एंजेलिसचा. घराणे मूळचे जपानी. ‘मांगा’ म्हणजे जपानी चित्रकथा वाचत त्या वाढल्या. न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला गेल्या, पण तिथे या चित्रकथेच्या वळणाला शिक्षकांचे उत्तेजन नव्हते. दोन वर्षांनी पदवी न घेताच बाहेर पडल्या. वळण मात्र सोडले नाही, आणि पुढे त्याच वळणाने त्यांचे नाव झाले.

इथे आम्ही शिक्षक म्हणून अडखळतो. आमच्या शाळेतल्या मुलीही वहीच्या मागच्या पानावर असेच मोठ्या डोळ्यांचे चेहरे काढतात. ‘कार्टून काढते, अभ्यास करत नाही,’ हा शेरा ठरलेला. चेहरे काढावेत की नाही, यावर आपल्या घराघरांत मते वेगळी आहेत. त्या वादात इथे शिरत नाही. पण मुलीच्या हातात हुनर आहे का, एवढे तरी वही फाडण्याआधी पाहायला काय हरकत आहे?

पालकांना एक सांगून ठेवतो. ऑड्री यांच्या काही चित्रांत अंगावर कपडे नाहीत. मुलींना दाखवायची तर आपण आधी निवडून घ्यावीत.

करून पाहायला सुताराकडचा प्लायवूडचा तुकडा पुरतो. काचपेपरने घासावा, तेल मुरू नये म्हणून वर पारदर्शक लेप द्यावा. पेन्सिल हलक्या हाताने चालवावी. दाबून ओढलेल्या रेघेची खाच खोडरबराने जात नाही. आमच्या नववीतल्या एकीने फळीतली गाठ तशीच ठेवून तिचा कानातला झुमका केला. अम्मीने ती फळी मसाल्याच्या डब्यांशेजारी उभी करून ठेवली आहे.