विमान डावीकडेच का वळते?

गेल्या हिवाळ्यात भोर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत आम्ही दोन दिवसांचे विज्ञान शिबिर घेतले. विषय होता उड्डाणाचे विज्ञान. सोबत एक संगणक, एक जॉयस्टिक आणि विमान उडवण्याचा आभास निर्माण करणारा कार्यक्रम, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर, नेला होता. अशा मूळ कार्यक्रमात पृथ्वी, आकाश, विमानतळ आणि थोडी विमाने असतात. एखादे खास विमान हवे असेल, तर त्याची बारकाईने तयार केलेली प्रतिकृती वेगळी मिळते व ती मूळ कार्यक्रमाला जोडावी लागते. तिला ॲड-ऑन म्हणतात. आपण तिला जोडविमान म्हणू. आमचे जोडविमान होते दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर.

स्पिटफायर निवडण्यामागे कारण होते. पुण्याचा लोहगाव विमानतळ १९३९ साली सुरू झाला आणि महायुद्धाच्या काळात तेथे स्पिटफायर विमाने होती. १९४४ पासून भारतीय वैमानिकांच्या तुकड्यांनाही ही विमाने मिळू लागली आणि १९४७ साली काश्मीरच्या लढाईत ती वापरली गेली. दिल्लीला पालम येथील वायुसेनेच्या संग्रहालयात आजही स्पिटफायर पाहायला मिळते.

मुलांनी बेत ठरवला : लोहगावहून उडायचे, भाटघर धरणाचे पाणी पाहायचे आणि राजगड-तोरण्याला वळसा घालून परत यायचे. लोहगाव ते तोरणा हे सरळ अंतर सुमारे ४६ किलोमीटर. ताशी ४०० किलोमीटर वेगाने गेले तर सात मिनिटांचा प्रवास!

पहिल्या दिवशी आम्ही कार्यक्रमात 'सोपे उड्डाण' हा पर्याय निवडून ठेवला होता. विमान सुतासारखे सरळ धावले आणि उडाले. दुसऱ्या दिवशी तेथील एका शिक्षकांनी तो पर्याय काढून टाकला. मग मात्र इंजिनाला जोर देताच विमान डावीकडे वळले आणि धावपट्टी सोडून गवतात घुसले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. "जॉयस्टिक बिघडलेली दिसते," असे म्हणून आम्ही वायर काढून पुसून पुन्हा बसवली. त्यात अर्धा तास गेला. तेव्हा वेल्ह्याकडून येणारी नववीतील एक मुलगी म्हणाली, "सर, वायर बिघडली असती तर विमान कधी इकडं, कधी तिकडं गेलं असतं. हे दरवेळी डावीकडंच का जातं?"

प्रश्न अगदी बिनतोड होता. बिघाडाला सहसा ठरलेली दिशा नसते. जेथे ठरलेली दिशा दिसते तेथे काही नियम असण्याची शक्यता मोठी. वायर ठीक होती. चूक आमच्या निदानात होती.

एका पंख्याची चार कामे

स्पिटफायरच्या नाकावर मोठा पंखा असतो. मर्लिन इंजिनाच्या स्पिटफायरमध्ये तो वैमानिकाच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्यातून चार परिणाम घडतात.

पहिला न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचा. इंजिन पंख्याला उजवीकडे पीळ देते, तेव्हा पंखा विमानाला डावीकडे पीळ देतो. आपल्याकडे विहिरीत सोडलेला पाणबुडी पंप सुरू होताना पाइपाला हिसका बसतो, तोच हा प्रकार. या पिळामुळे विमानाचे डावे चाक जमिनीवर जास्त दाबले जाते, त्याचे घर्षण वाढते आणि विमान डावीकडे ओढले जाते.

दुसरा परिणाम हवेचा. पंख्याने मागे फेकलेली हवा सरळ न जाता स्क्रूच्या आट्यांसारखी फिरत जाते आणि शेपटीच्या उभ्या पात्यावर डावीकडून आपटते. शेपूट उजवीकडे ढकलली जाते, अर्थात नाक डावीकडे.

तिसरा परिणाम विमानाच्या बसण्याचा. या विमानाचे छोटे चाक शेपटीखाली असल्याने जमिनीवर त्याचे नाक वर असते. पंख्याचा अक्षही तिरपा राहतो. त्यामुळे उजव्या बाजूने खाली येणारे पाते समोरच्या हवेला जास्त कोनात कापते आणि डाव्या बाजूने वर जाणारे कमी कोनात. उजवीकडची ओढ वाढते आणि नाक डावीकडे जाते.

चौथा परिणाम भोवऱ्याचा. वेग वाढल्यावर शेपूट जमिनीवरून उचलते, म्हणजे फिरत्या पंख्याचा अक्ष खाली कलतो. फिरणारी जड वस्तू कलवली तर ती आडव्या दिशेने वळू पाहते. सायकलचे पुढचे चाक काढून त्याचा आस दोन्ही हातांनी धरा, दुसऱ्याला ते जोरात फिरवायला सांगा आणि मग आस खाली कलवून पाहा. चाक बाजूला झटका देईल. उलट फिरवले तर झटका उलट बसेल.

चारही परिणाम विमानाला डावीकडेच नेतात. त्यात स्पिटफायरच्या दोन चाकांमधील अंतर जेमतेम पावणेदोन मीटर! म्हणून वैमानिकाला उजव्या पायाने सुकाणू दाबून धरावे लागे. पाय कमी पडला तर विमान कलंडण्याचा धोका असे. 'सोपे उड्डाण' या पर्यायाने हे सारे गुपचूप पुसून टाकले होते. पहिल्या दिवशी आम्ही मुलांना विमान म्हणून जे दाखवले, त्यातले निम्मे विज्ञान गायब होते.

आता उलटे करून पाहू

हे स्पष्टीकरण खरे कशावरून? त्याची परीक्षा घेण्याची सोय स्पिटफायरच्या इतिहासातच आहे. नंतरच्या काही प्रकारांत मर्लिनऐवजी अधिक शक्तीचे ग्रिफन इंजिन बसवले गेले आणि त्याचा पंखा उलट दिशेने फिरतो. भारतीय वायुसेनेने दोन्ही वापरली : आठव्या प्रकारात मर्लिन, चौदाव्या व अठराव्या प्रकारांत ग्रिफन. आमचा तर्क बरोबर असेल तर ग्रिफनचे विमान उजवीकडे वळायला हवे.

आमच्याकडे चौदावा प्रकारही होता. मुलांनी आधी फळ्यावर आपला अंदाज लिहिला आणि मग इंजिनाला जोर दिला. विमान उजवीकडे वळले. वर्गात टाळ्या पडल्या. मर्लिनची सवय झालेल्या वैमानिकांना ग्रिफन प्रथम हाताळताना काय वाटले असेल, हेही मुलांच्या ध्यानात आले. पायाला लागलेली सवय तेथे घातकच होती.

खरेपणाची परीक्षा

जोडविमान हुबेहूब आहे असे म्हणताना पुष्कळदा रंग, घड्याळे, इंजिनाचा आवाज पाहिला जातो. तो चित्राचा खरेपणा झाला. हाताळणीचा खरेपणा तपासायचा तर परिस्थिती बदलून प्रश्न विचारावा लागतो. आम्ही दिलेला एक प्रश्न असा.

लोहगाव समुद्रसपाटीपासून ५९२ मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब सुमारे ९४४ हेक्टोपास्कल धरू. कार्यक्रमातील तापमान एकदा १० अंश आणि एकदा ३८ अंश सेल्सिअस ठेवा. घनता केल्विन तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून १० अंशांना ती घनमीटरला १.१६ किलोग्रॅम येते आणि ३८ अंशांना १.०६. प्रमाणित वातावरणात १४०३ मीटर उंचीच्या तोरण्याच्या माथ्यावर घनता १.०७ असते. म्हणजे एप्रिलच्या तापलेल्या दुपारी लोहगावच्या धावपट्टीवरील हवा विमानाच्या दृष्टीने तोरण्याच्या माथ्याइतकी विरळ असते!

विरळ हवेत तेवढीच उचल मिळवायला वेग जास्त लागतो. उचल घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराप्रमाणे बदलते. म्हणून इंजिनाची ओढ तेवढीच राहिली तरी जमिनीवरची धाव सुमारे १० टक्के वाढायला हवी; प्रत्यक्षात ओढही घटते, म्हणून आणखी थोडी जास्त. जोडविमानाची धाव दोन्ही तापमानांना सारखीच आली तर ते विमान नसून विमानाचे चित्र आहे असे समजावे.

खरेपणात दोषही आले. १९४० सालच्या मर्लिन इंजिनात नाक एकदम खाली दाबले की कार्बुरेटरमधील पेट्रोलचा पुरवठा बिघडून इंजिन अडखळे. १९४१ मध्ये बिएट्रिस शिलिंग या अभियंता महिलेने एक छोटी चकती बसवून हा दोष पुष्कळ कमी केला. तेव्हा पहिल्या प्रकाराचे जोडविमान येथे अडखळायला हवे, आठव्या प्रकाराचे नाही.

जे पडद्यावर येत नाही

मुलांनी शेवटी राजगड गाठलाच. पण जवळ जाताच तक्रार आली, "सर, सुवेळा माचीचं नेढं कुठं आहे?" नेढे म्हणजे कड्याला आरपार पडलेले भोक. ते पडद्यावर नव्हते, आणि तेथेही निष्काळजीपणा हे कारण नव्हते. जमिनीचा आकार साठवताना प्रत्येक ठिकाणाची एकच उंची नोंदवतात. नेढ्याच्या जागी मात्र खाली खडक, मध्ये हवा आणि वर पुन्हा खडक. एका आकड्यात हे मावणार कसे?

हाताळणीतही असेच आहे. वेग दुप्पट झाला की सुकाणूच्या पात्यांवरचा हवेचा जोर चौपट होतो, आणि खऱ्या स्पिटफायरमध्ये तो वैमानिकाच्या हाताला जाणवे. जॉयस्टिकमधील साधी स्प्रिंग मात्र नेहमी सारखीच राहते. वळणावर शरीर आसनात दाबले जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे हेही नाही. पावसाळी पश्चिमेचा वारा सह्याद्री ओलांडून खाली उतरतो, तेव्हा कड्यांमागे त्याचे भोवरे होतात; प्रत्येक घळीतला भोवरा संगणकात मांडलेला नसतो. म्हणून पडद्यावर तोरण्याला सुखाने वळसा घालणाऱ्याने स्वतःला वैमानिक समजू नये.

कोणतीही प्रतिकृती, मग ती विमानाची असो, हवामानाची असो की अणूची, काही प्रश्नांना खरे उत्तर देते आणि काहींना देऊच शकत नाही. कोणत्या प्रश्नांना देते हे तपासून घेणे हे आपले काम. शिक्षकमित्रांनो, शाळेत संगणक असेल तर असा तास जरूर घ्या. मात्र अंदाज आधी फळ्यावर लिहा आणि यंत्र नंतर चालवा. आणि एखादी गोष्ट 'बिघडली' असे वाटले, तर वायरीला हात लावण्यापूर्वी त्या मुलीचा प्रश्न आठवा : दरवेळी डावीकडेच का?