एका बाकावर तीन पिढ्या

हैदराबादहून नागपूरकडे निघालं की निर्मलनंतर घाट लागतो. घाट चढून वर आलं की राष्ट्रीय महामार्ग ४४ वर नेरडीगोंडा येतं. आपल्यापैकी बहुतेकांना हे गाव कुंतला धबधब्याला वळायची जागा म्हणून माहीत असतं. गाडी वळते, फोटो काढले जातात, चहा होतो आणि मंडळी आदिलाबादच्या रस्त्याला लागतात.

या भागात थोडं थांबलं, तर बाजारात तेलुगू, मराठी, गोंडी, लंबाडी आणि उर्दू अशा सगळ्या भाषा कानावर पडतात. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मराठी मुलखाकडे गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. नकाशावर रेघ पडली, तरी नाती तुटली नाहीत. आजही अनेकांचं आजोळ पैनगंगेपलीकडे आहे आणि शेत अलीकडे.

या पट्ट्यात आपली ख्रिस्ती मराठी भावंडंही राहतात. सणवार, लग्नकार्य, पुरणपोळी अशा विषयांवर आपण नेहमी बोलतो, पण या घरांविषयी फारसं बोलत नाही. त्यांच्यापुढे आज एक प्रश्न आहे आणि तो खरं तर आपल्या सगळ्यांच्याच घरात आहे. आजीचं पवित्र शास्त्र मराठीत, सुनेचं माहेर तेलुगू आणि नातवाची शाळा इंग्रजी माध्यमाची. रविवारी ही तिघं एकाच बाकावर बसतात, तेव्हा उपासना कोणाच्या भाषेत व्हायची? आणि ज्याची भाषा नाही, त्याने तासभर नुसतं बसून राहायचं का?

तक्रार जुनीच आहे

हा प्रश्न चर्चला नवा नाही. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात अगदी अशीच एक तक्रार आहे. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत रोजचं अन्न वाटलं जाई. त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी कुरकुर सुरू झाली. भाषा वेगळी, वय झालेलं आणि मागे बोलणारं कोणी नाही, अशा या बायका होत्या.

प्रेषितांनी काय केलं? तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही. सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि या कामासाठी सात माणसं निवडायला सांगितली. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच भाषेतल्या माणसांच्या हाती वाटपाचं काम आलं असं दिसतं. स्वागत म्हणजे दारात उभं राहून हसणं एवढंच नसतं, हे त्या मंडळीला पहिल्या काही दिवसांतच कळलं होतं.

केडगाव : प्रत्येकीला घर, प्रत्येकीला काम

आपल्या मराठी मुलखात याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्यातलं केडगाव. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केलं, ते मुख्यतः तरुण विधवांच्या शिक्षणासाठी. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई दुष्काळी भागात जाऊन उपासमारीत सापडलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दीड हजाराच्या वर गेली.

एवढ्या माणसांना एका छपराखाली कोंबणं सोपं होतं. रमाबाईंनी तसं केलं नाही. प्रत्येकीची गरज निराळी, हे ओळखून त्यांनी निराळी सदनं केली. म्हाताऱ्या आणि अशक्त बायकांसाठी प्रीती सदन, संकटातून सोडवून आणलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, अंध स्त्रियांसाठी बार्तिमी सदन आणि मुलग्यांसाठी सदानंद सदन होतं. बार्तिमी हे नाव शुभवर्तमानातल्या अंध बार्तिमयावरून आलेलं. रमाबाईंची मुलगी मनोरमा हिने ब्रेल लिपी शिकून घेतली आणि अंध मुलींना शिकवली.

घरं निराळी असली, तरी प्रार्थनेला सगळे एकत्र येत. आणि कोणालाही नुसतं बसवून ठेवलं जात नसे. शेती, विणकाम, तेलघाणा आणि छापखाना, जिला जे जमेल ते काम तिच्याकडे असे. रमाबाईंनी बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, ते याच छापखान्यात मुक्तीतल्या बायकांनी छापलं. रमाबाई १९२२ साली गेल्या आणि ते पूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झालं. दुष्काळात जी मुलगी भीक मागत होती, तिच्यासारखीच कोणीतरी पुढे त्या पुस्तकाचे खिळे जुळवत होती.

नगर : वेळ दिला, म्हणून माणूस आलं

दुसरी गोष्ट नगरची. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे त्या नगरला आल्या तरी त्यांचं सोवळं सुटलं नव्हतं. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. भोवती सगळी ख्रिस्ती वस्ती आणि मधोमध ही सोवळ्यातली बाई! तरी लोकांनी त्यांच्याशी येणं-जाणं ठेवलं. लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार केला, जातिभेद देवाने केलेला नाही असं त्यांचं त्यांनाच पटलं आणि १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ज्या बाईला लग्नानंतर अक्षरओळख झाली, तिने पुढे कीर्तनं केली आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुरं केलं. १९३३ साली नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. तेव्हा त्यांचं वय पासष्टच्या आसपास होतं. या वयात चर्चच्या शेवटच्या बाकावर बसून राहायला त्यांना कोणी सांगितलं नाही.

तरुण वाचकांनी इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक आपण मराठीचं वैभव मानतो. ते लिहिलं गेलं, कारण मुलगा देवदत्त याने आईला आठवणी लिहायला सांगितल्या. पुढे नातू अशोक टिळक यांनी त्याची संपूर्ण आवृत्ती संपादित केली. आजी बोलली, मुलाने विचारलं आणि नातवाने जपलं. यातला एक जरी दुवा तुटला असता, तरी आपल्याला हे पुस्तक या रूपात मिळालं नसतं.

गाणं सगळ्यांचं

पिढ्या जोडायचं सर्वांत सोपं साधन मराठी मंडळीला फार पूर्वी सापडलं होतं. सुरुवातीला चर्चमध्ये परदेशी चालींवर गाणी म्हटली जात. खेड्यातल्या माणसाला त्या चाली परक्या वाटत. मग कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केलं. टिळकांनी अभंग, ओवी आणि पदं लिहिली. टाळ आले, तबला-पेटी आली. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही गाणं पाठ होऊ लागलं आणि मांडीवरच्या नातवालाही. आजही मराठी उपासनेत टिळकांची गीतं सर्रास म्हटली जातात.

आज, सरहद्दीवर

आता पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे येऊ. आदिलाबादचा कॅथलिक धर्मप्रांत १९९९ साली चांदा, म्हणजे चंद्रपूरच्या धर्मप्रांतातून वेगळा झाला. म्हणजे नदीच्या दोन्ही काठांचं नातं चर्चच्या कागदपत्रांतही आहे. या भागात तेलुगू ख्रिस्ती माणूस भेटला की ‘वंदनालु’ म्हणतो आणि मराठी ख्रिस्ती माणूस ‘सलाम’ किंवा ‘जय ख्रिस्त’. दारात उभ्या राहणाऱ्याला हे सगळे शब्द येत असले, तर अर्धं काम तिथेच होतं.

उरलेलं अर्धं काम रोजचं आहे. शास्त्रपाठ दोन असतील, तर एक मराठीत आणि एक तेलुगूत वाचता येतो. मराठी पाठ आजीने वाचावा आणि तेलुगू पाठ सुनेने. अक्षर दिसत नसेल, तर मोठ्या टाइपाची प्रत समोर ठेवावी किंवा नातवाने मोबाइलवर अक्षर मोठं करून धरावं. जिना चढवत नाही म्हणून घरी राहिलेल्या आजोबांकडे दर आठवड्याला कोणीतरी जावं आणि त्यांच्या आवडीचं एक गीत म्हणावं. नुसता प्रवचनाचा व्हिडिओ पाठवल्याने भेट होत नाही.

तरुणांचीही बाजू आहे आणि ती खरी आहे. नाताळ आला की खुर्च्या लावायला, माईक जोडायला आणि तारे टांगायला तरुण हवे असतात. बैठकीत मात्र त्यांना विचारत नाहीत. प्रश्न विचारला की ‘तू अजून लहान आहेस’ असं उत्तर येतं. मग मुलगा नोकरीसाठी हैदराबादला किंवा पुण्याला जातो आणि रविवारची सवय सुटते. तो रागावून गेलेला नसतो. तिथे त्याची अशी काही जागाच नव्हती, म्हणून तो गेला हे कोणाच्या लक्षातही येत नाही. हिशेबाची वही, रविवारच्या शाळेचा वर्ग, गाण्यांची निवड, यातलं एक तरी काम विशीतल्या मुलामुलींकडे पूर्णपणे सोपवलं पाहिजे. चुका होतील. त्या वडीलधाऱ्यांच्याही होतच होत्या.

आणि मधली पिढी? पस्तीस ते पन्नास वयाची माणसं सगळ्यांना आणतात, नेतात, डबे भरतात, औषधं लक्षात ठेवतात. त्यांना कोणी ‘तुम्ही कसे आहात’ असं विचारत नाही. लग्न न झालेले, नवरा किंवा बायको गमावलेले आणि एकट्याने मूल वाढवणारे ‘कुटुंबांच्या’ कार्यक्रमात कुठे बसायचं ते शोधत राहतात. त्यांना ताटावर शेजारी बसवून घेणं, एवढंही पुष्कळ असतं.

बायबलमध्ये तीमथ्य नावाच्या तरुण सेवकाचा उल्लेख आहे. त्याचा विश्वास आधी त्याच्या आजीच्या, लोईसच्या आणि आईच्या, युनीकेच्या ठायी होता, असं पौल त्याला पत्रात आठवणीने लिहितो. पत्र तरुणाला लिहिलेलं आहे, तरी त्यात आजीचं नाव आहे.

हे सगळं केवळ ख्रिस्ती घरांपुरतं नाही. आपल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आणि हळदीकुंकवातही हेच प्रश्न आहेत. पुढच्या वेळी नेरडीगोंड्याला कुंतलासाठी वळाल, तेव्हा गाडीतल्या आजीला तिच्या लहानपणीचं एखादं गाणं म्हणायला सांगा. भजन असेल, ओवी असेल किंवा नाताळचं गीत असेल. मोबाइलवर ते टिपून घ्या, आणि शब्द देवनागरीत लिहायला तिच्याकडूनच शिका.