गेटवर चलन नको, क्यूआर दाखवा! चाकण पट्ट्यात हातातल्या यंत्रांचं पुढं काय?

भोसरी एमआयडीसीतून सकाळी माल भरून निघालेला टेम्पो मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी करत चाकणला पोचतो. अंतर जेमतेम वीस किलोमीटर. कोंडी लागली की दोन तास कुठं गेले ते कळत नाही. पण खरी परीक्षा रस्त्यावर नसते, ती कारखान्याच्या गेटवर असते. गेटवरचा माणूस आता चलन हातात घेऊन वाचत बसत नाही. त्याच्या हातात पिस्तुलासारखी मूठ असलेलं एक जाडजूड यंत्र असतं. बिलावरच्या ठिपक्यांच्या चौकोनावर तो ते धरतो. ‘टिट्’ असा आवाज आला की गाडी आत. नाही आला तर गाडी बाजूला घ्या आणि मालकाला फोन लावा.

या यंत्राला कारखान्यात कुणी ‘स्कॅनर’ म्हणतं, कुणी ‘एचएचटी’, कुणी नुसतंच ‘गन’. प्रत्यक्षात तो हातात धरायचा पूर्ण संगणक आहे. स्टोअर, असेंब्ली लाइन, डिस्पॅच, गोदाम अशा प्रत्येक ठिकाणी माल कुठून आला, कुठं ठेवला, किती गेला याची नोंद त्यावर होते. हेच काम आता हळूहळू साध्या मोबाईलवर येऊ लागलं आहे. त्यानं सोय झाली, यात वाद नाही. मात्र पूर्वी जे यंत्र कारखान्यानं विकत घेऊन कामगाराच्या हातात द्यायचं, त्याची जागा कामगाराचा किंवा छोट्या वर्कशॉपवाल्याचा स्वतःचा फोन घेत असेल, तर खर्च आणि जोखीमही त्याच्याच खिशात जाते. खेड, मावळ, जुन्नर, आंबेगावातून रोज कंपनीच्या बसनं येणाऱ्या पोरांचा प्रश्न नेमका इथं आहे.

भाजीच्या गाड्यावरचा क्यूआर मुळात गाड्यांच्या कारखान्यातला

चाकणच्या बाजारात कांदे-बटाटे घेताना ज्या क्यूआरवर पैसे जातात, त्याचा जन्म बँकेत झालेला नाही. जपानमध्ये टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या डेन्सो समूहातल्या अभियंत्यांनी तो १९९४ मध्ये तयार केला. त्याआधी सुट्या भागांच्या पेट्यांवर उभ्या रेघांचे बारकोड असत. एका बारकोडात वीसेक अक्षरं मावायची, त्यामुळे एकाच पेटीवर अनेक बारकोड चिकटवावे लागत आणि कामगाराला ते एकामागून एक स्कॅन करावे लागत. कामगार वैतागले होते. क्यूआरमध्ये नुसते अंक असतील तर सात हजारांपर्यंत मावतात आणि तो आडवा, तिरपा, उलटा कसाही धरला तरी वाचला जातो. कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन त्यासाठीच असतात. थोडा फाटला किंवा ऑइल लागलं तरी बहुतेक वेळा चालतो, कारण तो डाग पडणाऱ्या जागेसाठीच बनवला होता.

म्हणजे क्यूआर कारखान्यातून बाजारात गेला आणि आता बाजारातला मोबाईल कारखान्यात येतोय.

जुनी यंत्रं का बदलावी लागली?

१९९९ मध्ये बजाज ऑटोनं चाकणमध्ये कारखाना सुरू केला, २००९ च्या सुमारास फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ आले, पाठोपाठ महिंद्राचा मोठा प्रकल्प उभा राहिला. त्या काळात हातातली यंत्रं म्हणजे छोटा पडदा, खाली रबरी बटणं आणि आत मायक्रोसॉफ्टचं ‘विंडोज सीई’ किंवा ‘विंडोज मोबाईल’. यंत्रं दणकट होती. दहा-दहा वर्षं चालली. ‘सिम्बॉल’ या अमेरिकी कंपनीचं नाव त्यात मोठं होतं. २००७ मध्ये ती मोटोरोलाकडे गेली आणि २०१४ मध्ये मोटोरोलाचा हा धंदा झेब्रा कंपनीनं घेतला. स्टोअरमधल्या जुन्या माणसांनी तेच यंत्र तीन नावांनी पाहिलं आहे.

भारतानंही एक प्रयत्न करून पाहिला होता. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांच्या पुढाकारानं ‘सिम्प्युटर’ नावाचा स्वस्त हातसंगणक तयार झाला आणि २००४ मध्ये बाजारात आला. कल्पना चांगली होती, पण साधे मोबाईलच इतक्या झपाट्यानं स्वस्त झाले की तो मागं पडला.

जुन्या यंत्रांचं लोखंड टिकलं, आतलं सॉफ्टवेअर मात्र संपलं. हातातल्या यंत्रांसाठीच्या विंडोज ६.५ चा आधार मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० मध्ये बंद केला आणि सीई घराण्यातल्या शेवटच्या आवृत्तीचा ऑक्टोबर २०२३ मध्ये. आधार बंद झाल्यावर यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही. पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत आणि कारखान्याच्या नेटवर्कला असं यंत्र जोडून ठेवणं म्हणजे मागचं दार उघडं ठेवण्यासारखं होतं. नवी यंत्रं जवळपास सगळी अँड्रॉइडवर आहेत. त्यामुळं कालच भरती झालेल्या पोरालाही ती शिकवावी लागत नाहीत. आणखी एक धक्का पुढं आहे. अनेक मोठ्या कंपन्या ज्या ‘सॅप’ प्रणालीवर चालतात, तिच्या जुन्या आवृत्तीचा नेहमीचा आधार २०२७ च्या अखेरीस संपतोय. ती बदलली की स्टोअरमधल्या हातातल्या पडद्यावरच्या पायऱ्याही बदलतील.

मग साधा फोनच का नको?

हा प्रश्न प्रत्येक लघुउद्योजक विचारतो, आणि त्यात चूक काही नाही. दणकट यंत्राची किंमत साध्या फोनच्या काही पट असते. शिवाय प्रत्येक फोनला कॅमेरा असतोच.

फरक कळतो तो शिफ्टच्या शेवटी. साधा फोन कॅमेऱ्यानं कोड वाचतो: आधी फोकस घेतो, उजेड कमी असेल तर अडखळतो. दणकट यंत्रात कोड वाचण्यासाठी वेगळा भाग असतो, बटण दाबताक्षणी तो वाचतो. एका खेपेला फरक दोन सेकंदांचा असला, तरी शिफ्टमध्ये हजार पेट्या स्कॅन करणाऱ्याचा त्यात अर्धा तास जातो. हातमोजे घालून पडदा चालत नाही, सिमेंटच्या कोब्यावर फोन पडला की काच जाते, मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली बॅटरी फुगते. दणकट यंत्राची बॅटरी काढून दुसरी बसवता येते. तीन शिफ्टमध्ये एकच यंत्र फिरतं तिथं हे मोठं काम आहे.

पण वीस-पंचवीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये, दिवसाला चाळीस-पन्नास पेट्या जात असतील तिथं, महागडं यंत्र घेणं म्हणजे मुंगीसाठी तोफ. चांगल्या कव्हरातला मध्यम किमतीचा फोन पुरतो. घेताना एवढंच विचारावं की सुरक्षेची अपडेट किती वर्षं मिळणार. रॅम आणि कॅमेऱ्याच्या आकड्यांपेक्षा धंद्याच्या फोनसाठी तो आकडा महत्त्वाचा. दुकानदार तो स्वतःहून सांगत नाही.

बिनहाताचं स्कॅनिंग

नोव्हेंबर २०२२ मध्ये महिंद्राच्या चाकण कारखान्यात एअरटेल आणि टेक महिंद्रा यांनी कारखान्यापुरतं खासगी फाइव्ह-जी जाळं उभं केल्याची घोषणा केली. गाडी तयार होताना तिच्यातल्या संगणकांमध्ये सॉफ्टवेअर भरावं लागतं. हे काम तारांशिवाय, एकाच वेळी अनेक गाड्यांवर करता यावं हा त्याचा एक उपयोग. पत्र्याच्या प्रचंड शेडमध्ये वाय-फाय कुठं येतं, कुठं जातं, हे तिथं काम केलेल्याला सांगायला नको. अशा ठिकाणी हे जाळं कामाला येतं.

दुसरीकडे यंत्र हातातून निघून अंगावर चाललंय. बोटात अंगठीसारखा घालायचा स्कॅनर, मनगटावरचा पडदा, कानात सूचना देणारा हेडफोन अशा वस्तू मोठ्या गोदामांत वापरात आहेत. आणि त्याही पुढं, माणूसच नको अशी सोय आहे. टोलनाक्यावर फास्टॅग जसा गाडी न थांबता वाचला जातो, तसाच टॅग पेट्यांवर लावला तर गेटच्या कमानीतून गाडी गेली की आतल्या सगळ्या पेट्यांची नोंद होते.

स्कॅनिंगची नोकरी यामुळं उद्या सकाळी जाणार नाही. पेटीगणिक टॅगचा खर्च येतो, आणि लोखंडी भागांजवळ साधे टॅग नीट वाचले जात नाहीत. चाकणचा माल तर बहुतांश लोखंडाचाच. पण नुसतं ‘टिट्’ करता येणं हे कौशल्य फार दिवस पुरणार नाही. नोंद चुकली तर ती कुठं चुकली, हे शोधता येणारा माणूस लागेल. अडचण अशी की या यंत्रांवरचं सॉफ्टवेअर बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतं. अँड्रॉइड मराठी सहज दाखवतो, पण कारखान्याचं अ‍ॅप मराठीत करून घेण्याचं कुणी मनावर घेत नाही. लाल-हिरव्या रंगांवर काम भागतं. लाल का आलं, हे मात्र पोराला वाचता येत नाही आणि तो सुपरवायझरला हाक मारतो.

फोन माझा, अ‍ॅप कंपनीचं

मोठ्या कारखान्यांत गेटवर मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, काही ठिकाणी फोन जमाच करून घेतात. नव्या गाडीचा फोटो बाहेर जाऊ नये म्हणून. कंत्राटदाराकडच्या कामगाराला मात्र हजेरीसाठी, शिफ्टच्या निरोपासाठी, ड्रायव्हरला ठिकाण दाखवण्यासाठी स्वतःच्याच फोनवर अ‍ॅप टाकायला सांगितलं जातं. डेटा पॅक त्याचा आणि बॅटरीही त्याचीच. फोन फुटला तर दुरुस्तीही त्याचीच.

अँड्रॉइडमध्ये यावर एक चांगली तोड आहे, ‘वर्क प्रोफाइल’. फोनमध्ये कामाची वेगळी खोली तयार होते. कंपनीला त्या खोलीतलंच दिसतं आणि नोकरी सुटली तर ती तेवढीच खोली रिकामी करू शकते. घरचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅप तिच्या हाती लागत नाही. याउलट, फोनचा पूर्ण ताबा मागणारी परवानगी दिली तर अख्खा फोन दुरून पुसता येतो. त्यामुळं अ‍ॅप टाकताना ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ असे शब्द दिसले तर ‘ओके’ दाबण्याआधी विचारायला हवं. ठिकाणाची परवानगी ‘अ‍ॅप वापरतानाच’ एवढीच देता येते, हेही अनेकांना माहीत नसतं. सुटीच्या दिवशी, गुरुवारी, आपण शेतात आहोत की सासुरवाडीला हे कंत्राटदाराला कळायचं काही कारण नाही.

वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, पण त्यातही नोकरीच्या कामासाठी संमतीशिवाय माहिती वापरायला मालकाला मुभा आहे. तेव्हा सगळा भरवसा कायद्यावर टाकून चालणार नाही.

ओटीपी कुणाच्या फोनवर?

छोट्या वर्कशॉपचं सगळ्यात नाजूक दुखणं हे आहे. वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या धंद्याला दिलेलं प्रत्येक बिल सरकारच्या ई-इन्व्हॉइस पोर्टलवर नोंदवावं लागतं. तिथून ६४ अक्षरांचा क्रमांक आणि क्यूआर मिळतो, तोच बिलावर छापला जातो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपयांवरचा आणि राज्याबाहेर ५० हजारांवरचा माल हलवायचा तर ई-वे बिल लागतं. ड्रायव्हरनं ते छापून न्यायलाच हवं असं नाही, मोबाईलवर दाखवलं तरी चालतं.

हे बिल अंगावर नसेल आणि गाडी धरली गेली, तर माल सोडवायला कराच्या दुप्पट दंड भरावा लागतो. २ लाखांचे सुटे भाग, १८ टक्के कर म्हणजे ३६ हजार, आणि दंड ७२ हजार. गाडी क्रमांकात एखाद-दुसरा अंक चुकला असेल तर मात्र घाबरायचं कारण नाही. अशा किरकोळ चुकीला एकूण १ हजार रुपये दंड आहे, आणि २०१८ च्या परिपत्रकात ते स्पष्ट लिहिलं आहे.

आता त्यात ओटीपी आला. १ एप्रिल २०२५ पासून या पोर्टलवर लॉगिन करताना, उलाढाल कितीही असो, पासवर्डनंतर मोबाईलवर येणारा ओटीपी द्यावाच लागतो. आणि तो येतो नोंदवलेल्या नंबरवर. बहुतेक ठिकाणी तो नंबर मालकाचा असतो. काही ठिकाणी तर नोंदणी करून देणाऱ्या सीएच्या ऑफिसमधल्या मुलाचा. समजा, मालक मंचरला लग्नात आहे, मांडवात रेंज नाही, इकडं टेम्पो भरून उभा आणि तिकडं कारखान्याची लाइन त्या मालाची वाट बघतेय. यंत्र कितीही भारी घेतलं तरी इथं काही उपयोग होत नाही.

उपाय पोर्टलवरच आहे आणि फुकट आहे. मालकाला आपल्या खात्याखाली उपखाती काढता येतात. डिस्पॅचच्या माणसाचं उपखातं त्याच्या नंबरवर काढलं की त्याच्या लॉगिनचा ओटीपी त्यालाच जातो आणि त्याला फक्त ई-वे बिल काढण्याचा अधिकार देता येतो. रेंजचा प्रश्न असेल तर ‘एनआयसी-जीएसटी-शील्ड’ हे सरकारी अ‍ॅप आहे. त्यात दर ३० सेकंदांनी नवा ओटीपी तयार होतो, त्याला इंटरनेट किंवा नेटवर्क लागत नाही. ते आधी एकदा फोनवर नोंदवून ठेवावं लागतं, गाडी अडल्यावर नाही. आणि डिस्पॅचचा माणूस काम सोडून गेला तर त्याच दिवशी त्याचं उपखातं गोठवायचं, त्याचीही सोय तिथंच आहे.