लॅपटॉप सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

जळगाव : विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाला. जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही आणि नवा घ्यायला पैसे नाहीत, म्हणून काही जण विंडोजच्या शेजारीच उबंटू किंवा लिनक्स मिंट टाकून घेतात. यालाच ड्युअल बूट म्हणतात. मशीन चालू केलं की मेनू येतो आणि हवी ती सिस्टिम निवडायची. पण एखाद्या दिवशी हा मेनूच गायब होतो, काळ्या स्क्रीनवर दोन इंग्रजी ओळी दिसतात आणि दुकानात गेलं की ऐकायला मिळतं, "भाऊ, फॉरमॅट मारावा लागीन."

फॉरमॅट मारला की कापूस-केळीचा हिशेब, पोरांचे प्रोजेक्ट, स्कॅन करून ठेवलेले दाखले, लग्नाचे फोटो असं सगळंच जाऊ शकतं. आणि बहुतेक वेळा त्याची गरजच नसते.

मेनू दाखवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला बूटलोडर म्हणतात, लिनक्ससोबत येणाऱ्या बूटलोडरचं नाव ग्रब. भुसावळ जंक्शनवरून एक लाइन नागपूरकडे जाते, दुसरी खंडव्याकडे. सांधा अडकला तर गाडी उभी राहते, पण डब्यातला माल जागेवरच असतो. बूटलोडर म्हणजे हा सांधा. तो बिघडला तरी फायली डिस्कवर जशाच्या तशा राहतात.

आधी बूट मेनू बघा

मशीन थेट विंडोजमध्ये जात असेल तर बहुतेक वेळा काहीच मोडलेलं नसतं. मोठ्या अपडेटनंतर विंडोजने स्वतःचं नाव यादीत पहिलं लावलेलं असतं, एवढंच. मशीन बंद करून पुन्हा चालू करा आणि लगेच बूट मेनूचं बटण दाबत राहा. डेल, लेनोवो आणि एसरच्या बऱ्याच मॉडेलवर ते एफ १२ असतं, एचपीवर आधी एस्केप आणि मग एफ ९, आसूसच्या लॅपटॉपवर एस्केप. यादीत उबंटूचं नाव दिसलं तर ते निवडा. लिनक्स सुरू झालं तर बायोसमध्ये जाऊन तेच नाव पहिल्या नंबरवर आणा. काम झालं, खर्च शून्य.

याच यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' हेही नाव असतं. 'ग्रब रेस्क्यू' असं लिहून मशीन थांबलं असेल तर ते निवडून पाहा. हा प्रकार बहुधा तेव्हा होतो, जेव्हा जागा कमी पडते म्हणून कोणी विंडोजमधूनच लिनक्सचा भाग डिलीट करून टाकतो. ग्रबचं बाकीचं सामान त्याच भागात असतं.

ऑगस्ट २०२४ चा घोळ

कधी कधी वापरणाऱ्याने काहीही केलेलं नसतं. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर जगभरातल्या अनेक ड्युअल बूट मशीनवर लिनक्स सुरू होईना. 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग' असा संदेश यायचा आणि मशीन बंद व्हायचं. ग्रबमधली २०२२ सालची एक सुरक्षा-चूक रोखण्यासाठी मायक्रोसॉफ्टने जुने बूटलोडर अडवले होते. ड्युअल बूट मशीनला हा नियम लागणार नव्हता, पण लागला. पक्का उपाय आला तो मे २०२५ च्या अपडेटमध्ये. तोवर लोक सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून, लिनक्समध्ये जाऊन तो नियम पुसून, लिनक्स अपडेट करून सिक्युअर बूट परत चालू करत होते.

इथे एक धोका लक्षात ठेवा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असतं. सिक्युअर बूटला हात लावला की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ही की बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. दुकानदाराने स्वतःच्याच ईमेलने खातं उघडून दिलं असेल तर की त्याच्याकडे! ती वहीत लिहून घेतल्याशिवाय बायोसमध्ये काही बदलू नका.

पेनड्राइव्हवरून दुरुस्ती

बूट मेनूने काम भागलं नाही तर ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या, कारण त्यातलं सगळं पुसलं जातं. दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट डाउनलोड करून रुफस या मोफत सॉफ्टवेअरने ते पेनड्राइव्हवर टाका. मग बिघडलेल्या मशीनच्या बूट मेनूतून पेनड्राइव्ह निवडा. नावाआधी यूईएफआय असेल तर तेच घ्या. डेस्कटॉप उघडला की 'इन्स्टॉल' लिहिलेल्या चित्राला अजिबात हात लावू नका.

पहिलं काम दुरुस्तीचं नाही. फायली उघडून महत्त्वाचं सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. त्यानंतर इंटरनेट जोडा, मोबाइलचा हॉटस्पॉटही चालतो. मेनूतल्या अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये 'बूट रिपेअर' आहे, ते उघडून 'रेकमेंडेड रिपेअर' दाबा. तेवढा वेळ लाइट जाणार नाही असं बघा. लॅपटॉप पूर्ण चार्ज हवा आणि डेस्कटॉप असेल तर भारनियमनाची वेळ टाळा.

बायोसमध्ये डिस्कचं नावच दिसत नसेल तर मात्र गोष्ट वेगळी. तो बूटलोडरचा दोष नाही, डिस्क किंवा केबल गेलेली असू शकते. तेव्हा मशीन सारखं चालू-बंद न करता जाणकाराकडे न्या.

दुकानात द्यायचंच असेल तर "डेटा तसाच ठेवून फक्त बूटलोडर दुरुस्त करा" असं सांगा आणि पावतीवर तेच लिहून घ्या. लिनक्स मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी व्हिडिओ मोबाइलवर मोफत पाहता येतात.