शेळीचे वाण व गावचा बोकड

गाईचा वंश चांगला राहावा म्हणून गावात वळू सोडण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. कोणी ऐपतदार देवाच्या नावाने खोंड सोडी व सारा गाव त्यास चारा घाली. शेळीकरिता मात्र कोणी निवडक बोकड राखल्याचे आमच्या पाहण्यात नाही. शेळीस आपण गरिबाची गाय म्हणतो. पण तिच्या वंशाची चिंता गरिबास परवडत नाही व सधनास सुचत नाही.

वाणांची आपल्या प्रांतात उणीव नाही. धाराशिव-लातूरकडील उस्मानाबादी, रंगाने बहुतेक काळी व जुळ्या करडांबद्दल नावाजलेली, अहिल्यानगर, नाशिक व पुणे भागांतील संगमनेरी, बहुधा पांढरी, दूध व मांस दोहोंस उपयोगी, विदर्भातील बेरारी, आणि सिंधुदुर्गाकडील अतिवृष्टीत टिकणारी कोकण कन्याळ. सन २०१९ च्या पशुगणनेत राज्यात शेळ्या एक कोटीवर भरल्या. मग चिंता कशाची, असे कोणी विचारील.

आमचा जन्म महसुली दप्तरात गेला. बेरजेवर आमचा विश्वास. परंतु येथे बेरीज फसवी आहे. शंभर शेळ्यांस एकच बोकड असेल, तर वंशाच्या विविधतेच्या हिशेबाने तो कळप अवघ्या चार जनावरांच्या तोलाचा ठरतो. कारण प्रत्येक करडाचे अर्धे रक्त त्या एकाचेच.

याचा अनुभव आम्ही पदरचे मोल देऊन घेतला. नोकरी सोडल्यावर दहा उस्मानाबादी शेळ्या बाळगल्या. पहिल्या वर्षीचा सर्वांत दांडगा बोकड बकरी ईदेस चांगला भाव आला म्हणून विकला. मागे उरलेला किरकोळ बोकड कळपात फिरला. प्रथम बहिणींवर, पुढे स्वतःच्या मुलींवर. तिसऱ्या वर्षी जुळी कमी झाली व सात करडे महिन्याच्या आत दगावली. आम्ही रोगास दोष दिला. पुढे विताची वही उघडली, तेव्हा मेलेल्या सातांपैकी सहांच्या आईबापांचा बाप एकच निघाला अथवा बापच आजा निघाला. अपराध आमचाच होता.

सबब वाचकांस आमची विनंती अशी :

१. जुळ्यातील, दुभत्या आईचा, वाढीस जोमदार असा बोकड बाजारास न नेता वंशासाठी राखावा.

२. पंचवीस-तीस शेळ्यांस एक बोकड असावा, व त्याच्या पाटी माजावर येण्यापूर्वी तो दूरच्या गावच्या त्याच जातीच्या बोकडाशी बदलावा.

३. प्रत्येक करडाचे आईबाप वहीत लिहावे.

४. आफ्रिकेतील बोअरसारख्या परक्या जातीचा संकर केवळ मांसासाठी करावयाचा असल्यास करावा. परंतु संकराचे बोकड गावात मोकळे सोडू नयेत. एकदा मिसळलेले वाण पुन्हा निवडून काढता येत नाही.

भूमिहीन शेळीवाल्यास बोकड वर्षभर पोसणे जड जाते. ज्याच्या बांधावर सुबाभूळ आहे व गोठ्यात कडबा आहे, त्यास ते जड नाही. गावचा वळू ज्या घरांनी पोसला, त्याच घरांनी आता गावचा बोकडही पोसावा.