बटण एक, बोटं अनेक!

बडोद्यातलं कुठलंही ऑफिस घ्या. अलकापुरीतलं असो, मकरपुरा जीआयडीसीतलं असो, नाहीतर कोठीवरच्या कुबेर भवनातलं. हजेरीचं मशीन, झेरॉक्स, प्रिंटर, लिफ्टचं बटण, पाण्याचा कूलर, सगळं सामायिक. कोरोना ओसरला आणि सॅनिटायझरच्या बाटल्या कपाटात गेल्या. त्या काळात मिळालेलं शहाणपण मात्र हाताशीच ठेवायला हवं. त्याची ही झटपट उजळणी!

अंगठ्याला सुट्टी
केंद्र सरकारच्या कार्यालयांत मार्च २०२० मध्ये बायोमेट्रिक हजेरी थांबली. ८ नोव्हेंबर २०२१ पासून ती पुन्हा सुरू झाली, पण अटी घालून. मशीनशेजारी सॅनिटायझर हवंच होतं, आणि हजेरीच्या आधी व नंतर हात स्वच्छ करायचे होते. ‘नंतर’ स्वतःसाठी, ‘आधी’ मागे रांगेत उभ्या असलेल्यांसाठी. हात नीट वाळू द्या. ओला अंगठा मशीन बऱ्याचदा ओळखत नाही.

बहात्तर तासांची धास्ती
मार्च २०२० मधल्या एका गाजलेल्या प्रयोगात कोरोनाचा विषाणू प्लॅस्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत टिकलेला दिसला. तांब्यावर मात्र ४ तासांनंतर जिवंत विषाणू सापडला नाही. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं धास्ती कमी केली. दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून कोरोना होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी! हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. त्यामुळे झेरॉक्सच्या कोंदट खोलीत पहिलं काम खिडकी उघडण्याचं.

मग पुसायचं कशाला?
कारण आजार काही एकटा कोरोनाच नाही. २०२३ च्या पावसाळ्यात गुजरात आणि महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली होती. डोळा चोळलेला हात माउसवर, माउसवरून दुसऱ्याच्या हातावर आणि तिथून त्याच्या डोळ्यावर. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरसही असाच हातोहात फिरतो.

एका मुठीतून अख्खं ऑफिस
२०१४ मध्ये अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ चार्ल्स गर्बा यांच्या चमूनं इमारतीतल्या एक-दोन जागी, दाराच्या मुठीसारख्या ठिकाणी, निरुपद्रवी विषाणू लावून ठेवला. दोन ते चार तासांत तो ४० ते ६० टक्के माणसांपर्यंत आणि वस्तूंपर्यंत पोचला! जंतुनाशक वाइप्स आणि हातांची स्वच्छता सुरू केल्यावर हा फैलाव ८० टक्क्यांहून अधिक घटला.

तासाला २३ वेळा
सिडनीत २६ वैद्यकीय विद्यार्थ्यांचं निरीक्षण केलं, तेव्हा प्रत्येकाचा हात तासाला सरासरी २३ वेळा चेहऱ्याकडे गेला. पुढे डॉक्टर होणाऱ्यांची ही तऱ्हा! सवय मोडणं अवघड, हात धुणं सोपं.

शंभराला सत्तर भारी
शुद्ध अल्कोहोलपेक्षा ७० टक्क्यांचं जास्त प्रभावी. त्यातलं पाणी जंतूंची प्रथिनं मोडायला मदत करतं आणि अल्कोहोल लगेच उडून जाऊ देत नाही. बडोद्याचं या रसायनाशी नातं जुनं आहे. १९०७ मध्ये इथे सुरू झालेल्या अलेंबिक या औषध कंपनीची पहिली उत्पादनं होती टिंक्चर आणि अल्कोहोल. कंपनी उभी करणाऱ्यांत होते प्रा. त्रिभुवनदास गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटिभास्कर व भाईलाल अमीन.

राणीच्या तोंडचं डांबर
हेच गज्जर सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेचे प्रमुख होते. १८९६ मध्ये चाफेकर बंधूंनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं. डाग काही केल्या निघेना. अखेर गज्जरांच्या रसायनविद्येनं तो काढला. धडा आजही लागू आहे: वस्तू पाहून रसायन निवडा. फरशीला ब्लीचचं पाणी चालेल. धातू त्यानं गंजतो. कीबोर्डवर किंवा झेरॉक्सच्या पॅनलवर थेट फवारा मारू नका, द्रव आत शिरतो. मशीन बंद करा, मऊ फडकं अल्कोहोलनं ओलसर करून पुसा, पूर्ण वाळल्यावरच चालू करा. अल्कोहोल पेट घेतं, हे विसरू नका.

साखळीचा पेला
कूलरला साखळीनं बांधलेला स्टीलचा पेला आठवतो? अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यानं असे सार्वजनिक पेले १९०९ मध्येच बंद केले, आणि कागदी पेल्यांचे दिवस आले. आपल्याकडचा उपाय बिनखर्चाचा: वरून पिणं! त्याहून बरं, स्वतःची बाटली.

पुसणाऱ्या हातांचं काय?
ऑफिस चकचकीत ठेवणाऱ्या मावशींना आणि काकांना हातमोजे मिळतात का, हे आज विचाराच. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र झालं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. ही सूचना बाटलीवर बारीक अक्षरात असून भागत नाही. त्यांना समजेल अशा भाषेत, समोर बसून सांगायला हवी.

उद्यापासून एवढंच
झेरॉक्स आणि हजेरीच्या मशीनशेजारी सॅनिटायझर ठेवा. ज्याला जास्त हात लागतात, ते रोज पुसा. डोळे आले किंवा ताप असला, तर घरी थांबा. आणि साहेब असाल, तर ती रजा कुरकुर न करता मंजूर करा. सगळ्यात जास्त लोकांचं रक्षण त्या एका सहीनं होतं.