घाटातला ठोका आणि मिथेनॉलचा फवारा

विक्रमगडहून जव्हारला येणारा चढ किंवा मोखाड्यावरून त्र्यंबककडे जाणारी वळणे तुम्ही गाडीतून पार केली असतील. एप्रिलच्या दुपारी माणसांनी भरलेली जुनी पेट्रोलगाडी वरच्या गिअरमध्येच चढावर रेटली, की इंजिनातून ‘खट्‌खट्’ आवाज येऊ लागतो. मेकॅनिक म्हणतो, “इंजिन नॉक करतंय.” हा ठोका कशाचा?

सिलिंडरमधला दट्ट्या हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दाबतो. दाबलेला वायू तापतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम लागतो, त्याचे हेही एक कारण. मग ठिणगी पडते व ज्योत मिश्रणातून पसरत जाते. पण मिश्रण फार तापलेले असेल, तर ज्योत पोचण्यापूर्वीच कोपऱ्यात उरलेला भाग आपोआप, एकदम पेटतो. तोच ठोका. असे जोराचे ठोके सतत बसत राहिले, तर दट्ट्याला भोकही पडते. आजच्या गाड्यांत ठोका ओळखून ठिणगी जरा उशिरा पाडण्याची सोय असते; इंजिन वाचते, पण जोर घटतो.

जोर वाढवायचा तर सिलिंडरमध्ये अधिक हवा कोंबली पाहिजे. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच. तेथील हवा मुंबईपेक्षा ४-५ टक्के विरळ असते. टर्बोचार्जर ही तूट सहज भरून काढतो. मात्र ३० अंशांची हवा त्याने दुप्पट दाबाची केली, की तिचे तापमान १०० अंशांपलीकडे जाते. म्हणजे पुन्हा ठोक्याचे भय!

येथे मिथेनॉलचा फवारा कामी येतो. सुई टोचण्यापूर्वी दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा गार वाटते ना? द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. १ किलोग्रॅम पेट्रोलची वाफ होताना सुमारे ३५० किलोज्यूल उष्णता लागते, तर मिथेनॉलला सुमारे ११००. इंजिनात जाणाऱ्या हवेत ते बारीक फवारले, की हवा थंड आणि दाट होते. शिवाय मिथेनॉल स्वतः सहजासहजी ठोका देत नाही.

तुम्ही विचाराल, पाण्याला तर २२०० किलोज्यूलपेक्षा जास्त लागतात. मग नुसते पाणीच का नको? पाणी जळत नाही आणि त्याची वाफही सावकाश होते. मिथेनॉल ६५ अंशांनाच उकळते, शिवाय जळते. म्हणून बहुधा दोन्ही मिसळून वापरतात.

ही युक्ती विमानांनी गाजवली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांत असे मिश्रण होते. पुढे इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यातील फोकर फ्रेंडशिप आणि एच.एस. ७४८ या विमानांना रोल्स-रॉइसची डार्ट इंजिने होती. उन्हाळ्यात हवा विरळ झाल्याने घटलेला जोर उड्डाणापुरता भरून काढण्यासाठी या इंजिनांत पाणी-मिथेनॉल सोडण्याची सोय होती. मोटारीत हा प्रयोग अमेरिकेत १९६२ साली ओल्डस्मोबिल जेटफायरमध्ये झाला. तिची मिश्रणाची टाकी मालक भरायलाच विसरत! टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब आपोआप कमी केला जाई. लवकरच ही गाडी बंद पडली.

मग घाटातल्या साध्या गाडीला हा फवारा बसवावा का? माझ्या मते नाही. टर्बो नसलेल्या, ठोका न देणाऱ्या इंजिनाला त्याचा लाभ फारच थोडा. तेथे खालचा गिअर टाकणे बरे. मिथेनॉल रबर आणि ॲल्युमिनियम खराब करते. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. आणि ते जहाल विष आहे. दारूतल्या इथेनॉलसारखेच ते दिसते, वासही तसाच. पण शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि दृष्टीची नस जळते. दोन चमचेही माणसाला आंधळे करू शकतात. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे गेली.

प्रयोगशाळेत हे तत्त्व पाहायचे असेल, तर मिथेनॉलला हात लावू नका. दोन तापमापकांच्या फुग्यांना कापूस गुंडाळा. एक कापूस पाण्याने भिजवा, दुसरा शिक्षकांकडून इथेनॉलने भिजवून घ्या. जवळपास ज्योत नको. पुठ्ठ्याने वारा घाला आणि दर मिनिटाला दोन्ही तापमाने वहीत मांडा. कोणता पारा आधी उतरतो ते पाहा.